बासरी ठेवली, सायकल घेतली

घरात एखादे वाद्य येणे आणि पुढे ते वाजेनासे होणे, या दोन गोष्टींत फार वर्षांचे अंतर नसते. पेटीवर झाकण बसते. त्या झाकणावर आधी इस्त्रीचे कपडे आणि मग वर्तमानपत्रांची रद्दी येते. सतार गवसणीसकट माळ्यावर जाते. कारण विचारावे तर उत्तरे ठरलेली असतात: परीक्षा, नोकरी, लग्न, मुले. ही उत्तरे ऐकून आपण समजुतीने मान हलवतो, कारण ती आपल्यालाही केव्हा ना केव्हा उपयोगी पडलेली असतात. पण एखादा म्हणाला, ‘मला सायकल चालवायची होती, म्हणून मी वाद्य ठेवून दिले,’ तर? मग मात्र आपल्या कपाळाला आठी पडते. परीक्षेसाठी कला सोडली तर तो व्यवहार, आणि सायकलसाठी सोडली तर तो छचोरपणा!

शाळेत शिकवणाऱ्या माणसाला ही आठी वरचेवर पाहावी लागते. पालक येतात आणि सांगतात, “बाई, तबल्याची परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि आमचे चिरंजीव पहाटे उठून सायकल घेऊन घाटाकडे जातात. तुमचे ऐकतो तो, जरा सांगा.” मी काय सांगणार? मुलाने वेळ उधळला की पेरला, हे कळायला कधी कधी वीस वर्षे जावी लागतात. एका प्रकरणात तर ती मोजून वीस लागली, आणि तिथे उभय पक्षांचा पुरावा ध्वनिमुद्रित आहे. त्या पुराव्याची आज छाननी करायची आहे. मी संगीतशास्त्र शिकलेली नाही. कान आणि कादंबरी लिहून लागलेली माणसे पाहण्याची सवय, एवढ्या भांडवलावर मी हे धाडस करते आहे.

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी ड्युसेलडॉर्फ नावाचे शहर आहे. तेथे राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर या दोन तरुणांनी १९७० साली एक वादकांचे पथक काढले. नाव ठेवले ‘क्राफ्टवेर्क’, म्हणजे वीजघर. ह्युटर पियानो आणि ऑर्गन वाजवी. श्नायडर संगीतविद्यालयात शिकलेला बासरीवादक होता. बासरी अर्थात तिकडची, धातूची. त्यांच्या पहिल्या तीन-चार ध्वनिमुद्रिकांत ही बासरी स्वच्छ ऐकू येते. १९७४ साली ‘आउटोबान’ ही त्यांची गाजलेली ध्वनिमुद्रिका निघाली. तिची एक अख्खी बाजू, बावीस मिनिटांहून अधिक, मोटारींच्या हमरस्त्यावरून नुसती धावत राहते, आणि त्या धावण्यातही मध्येच बासरी भेटून जाते. त्यानंतर ती जी नाहीशी झाली, ती झालीच.

मग आली १९७७ साली आगगाडीची ध्वनिमुद्रिका, १९७८ साली मनुष्ययंत्राची, १९८१ साली संगणकाची. स्टेशनाजवळच्या ‘क्लिंग क्लांग’ या आपल्या कार्यशाळेत बसून त्यांनी लाकडी-पितळी वाद्यांना रजा दिली आणि विजेच्या वाद्यांचे राज्य उभे केले. कंठातला आवाजदेखील यंत्रातून गाळून येऊ लागला. पुढे पुढे तर रंगमंचावर आपल्याऐवजी यांत्रिक पुतळे उभे करण्यापर्यंत त्यांची मजल गेली. या संगीताचे मोल मी कमी लेखत नाही. न्यूयॉर्कच्या गोरगरीब वस्त्यांतल्या पोरांनी १९८२ साली त्यांच्या आगगाडीची धून उचलून आपल्या नाचाच्या संगीतात बसवली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांतल्या नाचगाण्याचे कितीतरी देणे या चार जर्मनांकडे लागते. त्यांची लय इस्त्री केलेल्या कपड्यासारखी, एक चुणी सापडणार नाही अशी असते. पण ऐकता ऐकता केव्हातरी लक्षात येते, की या सगळ्या सुरावटींत कोणी श्वास घेत नाही. बासरी गेली आणि बासरीबरोबर श्वासही गेला.

आपल्याकडे गवयाला ‘दमसास’ हवा म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. सूर गळ्यातून निघत असला, तरी तो पेलतात फुप्फुसे. बासरीवाल्याला हे गवयाइतकेच कळते. आणि तिसरा कोणी हे जाणत असेल, तर तो घाट चढणारा सायकलस्वार.

१९८०च्या सुमारास ह्युटर आणि श्नायडर यांना सायकलीने झपाटले. झपाटले हा शब्द मी जपून वापरते आहे. शर्यतीच्या हलक्या सायकली, घट्ट काळे कपडे, आल्प्सचे घाट, दिवसाकाठी शेकडो किलोमीटरची रपेट. ह्युटर एकदा सायकलवरून असा पडला की, डोक्याला मार लागून रुग्णालयात जावे लागले. उठला तो पुन्हा सायकलवर बसला. १९८३ साली जाहीर केलेली ध्वनिमुद्रिका त्या वर्षी आलीच नाही. ती नाव बदलून आली १९८६ साली. त्यानंतर संपूर्ण नवी अशी ध्वनिमुद्रिका यायला २००३ साल उजाडले. मधल्या सतरा वर्षांत जुन्याच गाण्यांना नवा साज चढवलेला एक संच १९९१ साली निघाला आणि एक सुटे गाणे १९९९ साली निघाले. एवढीच जमा. ज्यांच्याकडे सारे जग कान लावून बसले होते, त्यांनी खुशाल वाद्ये बंद केली आणि टायरमध्ये हवा भरली.

पालकांची बाजू इथे भक्कम दिसते, आणि तिला साक्षीदारही आहेत. पथकात आणखी दोघे होते: कार्ल बार्टोस आणि वोल्फगांग फ्ल्यूर. पथकाची मालकी पहिल्या दोघांकडे, हे दोघे सोबती. सायकलीने कामाचे दिवस खाल्ले, ही तक्रार या दोघांनीही पुढे आपापल्या आठवणींत नोंदवली आहे. ज्या माणसाला नवे प्रेम सापडते, त्याला दिवस पुरत नाहीत. त्याची वाट पाहत बसणाऱ्याचे दिवस मात्र संपत नाहीत. फ्ल्यूर १९८७च्या सुमारास आणि बार्टोस १९९० साली पथक सोडून गेला. ही नोंद वाचकांनी बाजूला काढून ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

आता दुसऱ्या पक्षाचा पुरावा पाहू. १९८३ साली त्यांनी एक सुटे गाणे काढले: ‘तूर द फ्रान्स’. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकलशर्यतीचे हे गाणे आहे, आणि शब्दही फ्रेंच आहेत. सुरू होताच चेनचा आणि चाकांचा आवाज ऐकू येतो, आणि त्यावर तालाच्या जागी बसवलेला माणसाचा धापा टाकणारा श्वास. आत, बाहेर, आत, बाहेर. यंत्राच्या ठोक्यावर यंत्राचा ठोका रचणाऱ्या या लोकांनी इथे शरीराला मात्रा धरायला बसवले होते. श्वास जरा दाटला की लय दाटते, सुटला की सुटते. तबल्याच्या ठेक्यात डग्ग्याचा घुमारा जे करतो, ते इथे छातीचा भाता करतो.

आणि धून? ती तर अधिकच बोलकी आहे. पाउल हिंडेमिट या जर्मन संगीतकाराची बासरी आणि पियानोसाठी रचलेली एक सोनाटा आहे, १९३६ सालची. नाझी राजवटीची त्याच्या संगीतावर खप्पा मर्जी होती, म्हणून ती रचना पहिल्यांदा वाजली ती थेट वॉशिंग्टनला, १९३७ साली. तिच्या आरंभीच्या स्वरांशी ‘तूर द फ्रान्स’च्या धुनेचे नाते जाणकारांनी केव्हाच दाखवून दिले आहे. दोन्ही लागोपाठ ऐकली की माझ्यासारखीच्या कानालाही खूण पटते. म्हणजे पाहा: बासरी खाली ठेवून माणूस सायकलवर बसला, दऱ्याखोरी हिंडला, आणि परत आला तो बासरीचीच धून घेऊन! मधे हरवलेला श्वासही त्याच्याबरोबर घरी आला. वाद्य सोडणे म्हणजे संगीत सोडणे, या समजुतीला एवढे सुरेख उत्तर मी दुसरे ऐकलेले नाही. दुसऱ्याच वर्षी एका अमेरिकन चित्रपटात दुकानापुढचा कचरा झाडणारा एक पोरगा हातातल्या झाडूसकट याच गाण्यावर नाचला. पुतळ्यांच्या गाण्यावर माणसे यंत्रासारखी हातवारे करीत. या गाण्यावर झाडूलाही पाय फुटले.

ज्या शर्यतीचे हे गाणे, तिच्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. १९०३ साली ‘लोतो’ नावाच्या वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठी ती सुरू केली. पहिली शर्यत जिंकणारा मोरिस गारँ धुराडी साफ करण्याचे काम करीत असे. आज ही शर्यत तीन आठवडे चालते आणि साडेतीन हजार किलोमीटरांच्या आसपास भरते. वाटेत पिरेनीजमधला २११५ मीटर उंचीचा तूर्माले आणि आल्प्समधला २६४२ मीटर उंचीचा गालिबिए असे घाट येतात. या रस्त्यांवर स्वार एकट्याच्या बळावर टिकत नाही. एक पुढे राहून वारा फोडतो, बाकीचे त्याच्या आडोशाने जातात आणि आपला दम राखतात. पुढचा थकला की तो बाजूला होतो आणि मागचा पुढे सरकतो. वाऱ्याचे तोंड असे वाटून घेतले जाते.

शर्यतीला शंभर वर्षे झाली त्या २००३ साली क्राफ्टवेर्कची संपूर्ण ध्वनिमुद्रिका निघाली. नाव पुन्हा शर्यतीचेच. सुमारे ५५ मिनिटांचे हे संगीत एका दमात ऐकावे लागते, आणि सुरुवातीचे तीन टप्पे तर एकमेकांत असे मिसळतात, की कुठे गाव संपले आणि कुठे माळ लागला ते कळू नये. हा भाग उत्तम आहे. सपाट रस्त्यावर सायकल लागली की पाय आपले आपण फिरतात आणि मनात विचार नावाचा प्राणी उरत नाही. ती अवस्था इथे सुरांत आली आहे. जर्मन हृदयालेखाचे नाव दिलेल्या भागात ह्युटरच्या वैद्यकीय तपासणीतले हृदयाचे ठोकेच तालाला घेतले आहेत. सायकल चालवून चालवून घडवलेले ते हृदय आता स्वतःच वाद्य झाले आहे. शेवटाकडच्या संथ भागात ओसरत जाणारा श्वास ऐकताना, चढ संपवून माथ्यावर एक पाय टेकून उभ्या राहिलेल्या माणसाची छाती डोळ्यांपुढे येते. वीस वर्षे पेरलेले इथे उगवले आहे, यात मला शंका नाही.

पण पीक सारखे आलेले नाही. मधल्या एका भागात सायकलीच्या धातूचे आणि दुसऱ्यात वारा कापण्याच्या शास्त्राचे स्तोत्र आहे. या दोन्ही ठिकाणी संगीत पुन्हा जुन्या गुळगुळीतपणाकडे घसरते. नवी सायकल घेतलेला माणूस तिच्या प्रत्येक सुट्या भागाचे गुण आल्यागेल्याला ऐकवतो, तसे काहीसे होते. ऐकणारा सायकल पाहायला आलेला नसतो; ती चालवताना काय वाटते, ते ऐकायला तो आलेला असतो. वीस वर्षांच्या नव्या श्वासानंतर जुन्या 'तूर द फ्रान्स'ची नवी आवृत्ती अखेरीस जोडली आहे, आणि कबूल करावे लागते, की त्या एका धुनेची सर तिच्या आधीच्या कोणत्याही भागाला येत नाही. बरे, शताब्दीसाठी केलेली ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली कधी? ऑगस्टमध्ये, शर्यत जुलैअखेर संपल्यावर! वऱ्हाड गेल्यावर सनईवाले हजर व्हावेत, तशातली ही गत. तरीही जर्मनीत ती खपात पहिल्या क्रमांकावर गेली, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक गोष्ट आज ऐकताना टोचते. जीवनसत्त्वे आणि खनिजे यांची नावे मंत्रासारखी म्हटलेला एक भाग या ध्वनिमुद्रिकेत आहे. २००३ची शर्यत ज्याने जिंकली, त्या अमेरिकन लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांच्या सेवनापायी २०१२ साली रद्द झाली. त्या वर्षांच्या विजेत्यांच्या यादीत आता त्या जागी कोणाचेच नाव नाही. संगीतकारांना पुढचे कसे ठाऊक असणार, असे कोणी म्हणेल. पण १९९८ सालच्या शर्यतीतच एका संघाच्या मोटारीत द्रव्यांचा साठा सापडला होता आणि त्याचा सगळ्या युरोपात गवगवा झाला होता. ज्यांनी या खेळावर जीव टाकला, त्यांनी त्याच्या दुखऱ्या जागेवर बोटही ठेवू नये, याला भक्ती म्हणता येईल. कलावंताची नजर म्हणवत नाही. शुद्ध श्वासाचे गाणे गाणाऱ्याने अशुद्ध श्वासाची खबर घ्यायला हवी होती.

आता बाजूला ठेवलेली नोंद हातात घेऊ. १९८३च्या गाण्यात एक छोटी गोष्ट आहे. खडबडीत दगडी रस्त्यावर चाक पंक्चर होते. सायकल झटपट दुरुस्त होते. मागे पडलेला पुन्हा जमावात येऊन मिळतो. आणि अखेरीस सोबत्यांचे, दोस्तीचे नाव घेतले जाते. मुखपृष्ठावर तिरंगी फ्रेंच निशाणावर चार सायकलस्वार एकामागे एक वाकून चालले आहेत. पथकातही तेव्हा चौघेच होते, आणि चालीच्या श्रेयात बार्टोसचे नाव आहे. म्हणजे चित्र चौघांचे, दोस्तीचे गाणे चौघांचे, आणि सायकलवर मात्र मालक! मागे पडलेल्यासाठी गाण्यात थांबले गेले. प्रत्यक्षात दोघे पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला राहिले आणि रांग पुढे निघून गेली. २००३च्या मुखपृष्ठावरही चार स्वार आहेत. पण मागचे दोघे आता वेगळे आहेत.

वाद्य सोडणाऱ्याला आपण जो जाब विचारतो, तो मला इथे चुकीच्या जागी वाटतो. ‘कलेचा वेळ का घालवलास?’ हा प्रश्न ह्युटरला आणि श्नायडरला विचारण्यात अर्थ नाही. त्याचे उत्तर त्यांच्या छातीच्या ठोक्यांनी दिले आहे. कलेला वेळ लागतो, आणि तो कुठे घालवावा हे कलेला विचारूनच ठरत नाही. कोणी रानात भटकतो, कोणी शेत नांगरतो. लिहिणाऱ्याला तर नुसते खिडकीशी बसणेही कामाचे असते, हे माझ्या घरच्यांनी एव्हाना सोसून घेतले आहे. पण जो एकटा लिहितो त्याचा रिकामा वेळ त्याचा स्वतःचा असतो. पथकात वाजवणाऱ्याचा तसा नसतो. त्याच्या रिकाम्या दिवसांत दुसऱ्याचेही दिवस खर्ची पडतात. त्याला विचारायचा प्रश्न एवढाच: तू वाऱ्याच्या तोंडावर गेलास हे ठीक; मागे कोण आहे ते वळून पाहिलेस का? या प्रश्नाचे उत्तर २००३च्या ५५ मिनिटांत कुठेही नाही, आणि उणेपणा आहे तो तिथे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. श्नायडर २००८ साली पथकातून बाहेर पडला. २०२० साली तो वारला. मूळच्या दोघांतला ह्युटर तेवढा राहिला. २००९च्या जुलैत मँचेस्टरच्या बंदिस्त सायकलमैदानात त्याच्या पथकाचा कार्यक्रम झाला, तेव्हा ‘तूर द फ्रान्स’ सुरू होताच चार ब्रिटिश ऑलिंपिक सायकलपटू वादकांभोवतीच्या उतरत्या लाकडी मार्गावरून फेऱ्या घालू लागले. त्यांत गेरेंट थॉमस नावाचा एक तरुण होता. २०१७ साली खरी शर्यतच ड्युसेलडॉर्फहून निघाली. १ जुलैचा पहिला टप्पा, १४ किलोमीटरांचा, त्याच थॉमसने जिंकला, आणि त्याच दिवशी त्याच शहरात क्राफ्टवेर्कने आपले संगीत वाजवले. पुढच्या वर्षी थॉमसने सबंध शर्यतही जिंकली. वाद्य सोडून सायकलीमागे गेलेल्या माणसाच्या दारात सायकल अशी स्वतः चालून आली, हे वाचून मला मनापासून बरे वाटले.

यंदाच्या सुटीत फराळाच्या ताटापुढे ही मंडळी ऐकायची झाली, तर माझी एक सूचना आहे. आधी १९७४च्या ‘आउटोबान’मधली बासरी ऐकावी. मग २००३मधले हृदयाचे ठोके ऐकावेत. सर्वांत शेवटी १९८३चे गाणे लावावे, आणि सूर बाजूला सारून नुसत्या श्वासाकडे कान द्यावा. बासरीतला दम तिथे चाकाला लागलेला ऐकू येईल. आणि घरातला मुलगा तेवढ्यात सायकल काढून निघालाच, तर त्याला अडवू नये. फक्त त्याच्या साथीला बसणारा तबल्याच्या क्लासातला सोबती ताटकळत बसलेला नाही ना, एवढे मात्र त्याला जाता जाता विचारावे.